लूप कसा चालतो? भरतीच्या वेळा काढत पायथन शिकू या

प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं की पहिले काही दिवस बरे जातात. बेरीज होते, स्वतःचं नाव छापून येतं, ‘इफ’ लावून वय अठराच्या वर आहे का तेही विचारता येतं. मग लूप येतो आणि निम्मा वर्ग गप्प होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अकरावी-बारावीच्या आणि डिप्लोमाच्या मुलांना शिकवताना हे मला दर बॅचला दिसतं. लूपचं व्याकरण जेमतेम दोन ओळींचं, ते पाठही होतं. घोळ पुढे होतो. एकच ओळ पुन्हा पुन्हा चालते, दर वेळी तिच्यातले आकडे वेगळे असतात, आणि पडद्यावर मात्र ती ओळ एकदाच लिहिलेली दिसते. न दिसणाऱ्या त्या फेऱ्या वहीत उतरवल्या की लूप उलगडतो. म्हणून मोबाइल किंवा लॅपटॉपसोबत वही-पेन घेऊन बसा. ते ऐच्छिक नाही.

आधी थोडी तयारी

लॅपटॉपवर पायथन टाकलं की आयडल नावाचा साधा संपादक त्याच्यासोबतच येतो, तेवढा पुरे. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ हे ॲप घ्या. एकदा उतरवून घेतलं की त्याला नेट लागत नाही. पावसाळ्यात लाइट आणि टॉवर जोडीनेच जातात अशा गावात राहणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

या लेखातले प्रोग्रॅम वाचायला सोपे जावेत म्हणून सगळे देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना फॉर, इन, रेंज, प्रिंट, व्हाइल, इफ, ब्रेक, इंट, इनपुट हे पायथनचे स्वतःचे शब्द इंग्रजीत, आणि सगळी अक्षरं छोटी. ‘प्रिंट’चं पहिलं अक्षर मोठं काढलंत तर पायथन ओळखच दाखवणार नाही. अपवाद एकच, ‘ट्रू’: त्याचं पहिलं अक्षर मोठं. आकडेही इंग्रजीच टाइप करायचे.

तिथी, पेटी, एकूण अशी आपण दिलेली नावं मात्र खुशाल मराठीत ठेवा. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून ती चालतात. फक्त ‘फेऱ्या’सारखे शब्द नावासाठी टाळा. त्यातला अर्धा र काही कीबोर्ड एक अदृश्य जोडचिन्ह घालून लिहितात, पायथनला ते खपत नाही, आणि चूक कुठे आहे हे डोळे फाडून पाहिलं तरी सापडत नाही.

पहिला लूप

हे टाइप करून चालवा:

फॉर पेटी इन रेंज(५):
    प्रिंट(पेटी)

पडद्यावर ०, १, २, ३, ४ असे पाच आकडे एकाखाली एक येतील. ५ येणार नाही.

पहिल्या ओळीच्या शेवटी अपूर्णविराम आहे, तो विसरू नका. दुसरी ओळ चार मोकळ्या जागा सोडून आत सुरू झाली आहे. आत सरकवलेलं ते लूपच्या पोटातलं, दर फेरीला चालणारं. डाव्या कडेला लागून असलेलं ते लूप संपल्यावरचं. इतर बऱ्याच भाषांत यासाठी महिरपी कंस असतात. पायथनात कंस नाहीत, मोकळ्या जागाच काय ते ठरवतात. दर फेरीच्या सुरुवातीला ‘पेटी’ या नावात पुढचा आकडा येऊन बसतो. तो आपण वाढवायचा नसतो, फॉर वाढवतो.

शून्यापासून सुरुवात आणि शेवटचा आकडा वगळलेला, हे सगळ्यांनाच खटकतं. समजा हापूसच्या पेट्यांवर १ ते ४० नंबर घालायचेत. तेव्हा रेंज(१, ४१) असं लिहावं लागतं. विचित्र वाटतं, पण फायदा बघा: दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की फेऱ्या किती होणार ते कळतं. ४१ वजा १ म्हणजे ४०. रेंज(५) म्हणजे रेंज(०, ५), म्हणून पाच. डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये एक छोटं टिपण लिहून मोजणी शून्यापासून का करावी याची बाजू मांडली होती, त्यात ही वजाबाकीही आहे. पटलं नाही तरी सवय करून घ्या. नवख्यांच्या प्रोग्रॅममध्ये एकाने कमी किंवा एकाने जास्त फेरी होणं हा दोष इतका सर्रास आढळतो की माझ्याकडे कुणी बिघडलेला लूप आणला की मी पहिल्यांदा तिथेच बघतो.

रेंजमध्ये तिसरा आकडाही देता येतो, तो टप्प्याचा. रेंज(१०, ०, -१) म्हणजे दहापासून एकपर्यंत उलटी मोजणी. आत्ता एवढं पुरे.

भरतीचं कोष्टक

आता खरं काम. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरती कधी हे विचारलं तर ती आधी तिथी विचारतात. तिथीची पाऊणपट केली की तेवढे वाजता पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, असा तोंडी हिशेब आहे. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पूर्वी शाळेत पाढ्यांसोबत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत, त्यांना हा हिशेब करायला क्षणही लागत नसे.

पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. मिनिटांत हिशेब केला की अपूर्णांकांची कटकट राहत नाही.

फॉर तिथी इन रेंज(१, १६):
    मिनिटं = तिथी * ४५
    प्रिंट(तिथी, मिनिटं // ६०, मिनिटं % ६०)

दोन तिरक्या रेघा म्हणजे भागाकारातला पूर्ण भाग, तो झाला तास. टक्क्याचं चिन्ह म्हणजे बाकी, ती झाली वरची मिनिटं.

थांबा, लगेच चालवू नका. वही उघडा, चार रकाने आखा आणि स्वतः संगणक होऊन पहिल्या चार फेऱ्या लिहा:

तिथी | मिनिटं | तास | बाकी
१ | ४५ | ० | ४५
२ | ९० | १ | ३०
३ | १३५ | २ | १५
४ | १८० | ३ | ०

एक फेरी म्हणजे एक आडवी ओळ. वरची ओळ पूर्ण झाल्याशिवाय खालची सुरू करायची नाही, आणि मनातल्या मनात उडी मारायची नाही. चौथ्या ओळीनंतर एकदम शेवटची लिहा: तिथी १५, मिनिटं ६७५, तास ११, बाकी १५. आता प्रोग्रॅम चालवा आणि पडदा वहीशी ताडून बघा. जुळलं तर लूप तुम्हाला कळला आहे. जुळलं नाही तर नेमक्या कोणत्या फेरीत वाट फुटली ते वहीच दाखवेल. लूप चालत नसला की मुलं ओळी इकडच्या तिकडे करून बघतात, एखादा आकडा वाढवतात, पुन्हा चालवतात. अर्धा तास जातो. ही चार रकान्यांची वही दोन मिनिटं घेते.

कोष्टकाकडे आणखी जरा बघा, गंमत आहे. पौर्णिमेची भरती ११ वाजून १५ मिनिटांनी. दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा, तिथी पुन्हा १, म्हणून ० तास ४५ मिनिटं, म्हणजे पाऊण वाजता. सव्वाअकरापासून पाऊण वाजेपर्यंत दीड तास झाला! बाकी सगळ्या दिवशी भरती ४५ मिनिटांनी पुढे सरकते आणि त्या एकाच दिवशी ९० मिनिटांनी? दर्या असं करत नाही. चांद्रमासाच्या ३० तिथींत भरतीची वेळ घड्याळात २४ तासांचा पूर्ण फेरा घेऊन मूळ जागी येते. २४ तासांची मिनिटं १४४०, त्यांना तीसने भागलं की ४८. म्हणजे दर तिथीला सरासरी ४८ मिनिटं धरायला हवीत. पंधरा तिथींची मग बरोबर ७२० होतात, नेमके बारा तास. पाऊणकी तोंडी करायला सोपी, म्हणून व्यवहारात पाऊणपट रुळली असावी असं मला वाटतं. दोन-पाच मिनिटांनी जाळ्याचं काही बिघडत नाही, पण पक्षाच्या शेवटी फरक साठत जाऊन पाऊण तासाचा होतो.

प्रोग्रॅममध्ये ४५ च्या जागी ४८ करा. एका जागी एक आकडा बदलला आणि पंधराच्या पंधरा ओळी दुरुस्त झाल्या. हेच पंधरा वेगवेगळे प्रिंट लिहून केलं असतं तर आज पंधरा जागी खोडाखोड करत बसला असता.

हे सगळं अभ्यासापुरतं. प्रत्यक्षात समुद्रातल्या किल्ल्यावर जायचं असेल किंवा होडी काढायची असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं असतात, आणि होडीवाला असतोच. त्याचं ऐका.

बेरीज करणारा लूप

आतापर्यंतच्या लूपमध्ये मागच्या फेरीचा पुढच्या फेरीशी संबंध नव्हता. आता तो आणू. चार झाडांवरून उतरलेले आंबे डझनांत मोजले, एकूण किती?

एकूण = ०
फॉर डझन इन [१२, ९, १५, ७]:
    एकूण = एकूण + डझन
प्रिंट(एकूण)

इथे रेंज नाही, थेट यादीच दिली आहे. फॉरला काय, एकेक करून काहीतरी मिळालं की झालं.

‘एकूण = एकूण + डझन’ ही ओळ गणिताच्या नजरेने चूक वाटते. बरोबरीचं ते चिन्ह इथे समीकरणाचं नाही. उजवीकडचा हिशेब कर आणि येईल ते डावीकडच्या नावात ठेव, अशी ती आज्ञा आहे. वहीत ‘एकूण’चा रकाना असा भरेल: सुरुवातीला ०, मग १२, २१, ३६, ४३.

आता मुद्दाम बिघडवून बघा. ‘एकूण = ०’ ही ओळ लूपच्या आत, फॉरच्या खाली चार जागा सोडून लिहा. उत्तर ७ येईल. दर फेरीला आधीची बेरीज पुसली जाते आणि शेवटच्या झाडाचे तेवढे सात उरतात. ती ओळ जागेवर आणा आणि त्याऐवजी शेवटचा प्रिंट आत सरकवा. आता १२, २१, ३६, ४३ असे चार आकडे दिसतील. उत्तर बरोबर, पण चालता हिशेबही बाहेर आला. दोन्ही वेळा पायथनने एका शब्दाने तक्रार केली नाही, कारण भाषेच्या दृष्टीने दोन्ही प्रोग्रॅम शुद्ध आहेत. लाल अक्षरांत चूक दाखवली जाते ती परवडली. असली गुपचूप चूक वहीशिवाय सापडत नाही.

यादीची बेरीज करायची तयार सोय पायथनात आहे. ती आत्ता वापरू नका. फेऱ्या हाताला बसल्या की मग वापरा.

किती फेऱ्या ते माहीत नसेल तेव्हा: व्हाइल

फॉरला फेऱ्या आधीच ठाऊक असतात. व्हाइलला फक्त अट ठाऊक असते. अट खरी आहे तोवर फेऱ्या घालत राहायचं, आणि प्रत्येक फेरीच्या आधी ती तपासायची.

टेम्पोत १५०० किलोपर्यंत माल भरायचा आहे आणि भरलेली पेटी २२ किलोची धरली, तर:

वजन = ०
पेट्या = ०
व्हाइल वजन + २२ <= १५००:
    वजन = वजन + २२
    पेट्या = पेट्या + १
प्रिंट(पेट्या, वजन)

उत्तर ६८ पेट्या, १४९६ किलो.

बहुतेक जण अट ‘वजन <= १५००’ अशी लिहितात. वाचायला ती बरोबरच वाटते. पण मग ६९ पेट्या आणि १५१८ किलो येतात, म्हणजे टेम्पो ओव्हरलोड. का, ते कळायला सगळ्या फेऱ्या लिहायची गरज नाही, शेवटची तेवढी लिहा. वजन १४९६ झालं. १४९६ हे १५०० पेक्षा कमी आहे का? आहे. अट खरी, फेरी सुरू, पेटी चढली, १५१८. अट तपासली गेली ती पेटी चढवण्याआधीच्या वजनावर. ‘आणखी एक चढवली तर चालेल का?’ असं विचारायचं असेल तर अटीत ते ‘+ २२’ हवंच.

खरं तर या उदाहरणाला लूप लागतच नाही. १५०० // २२ केलं की ६८ येतात, एका ओळीत. लूप शिकला की माणूस जिथे तिथे लूप घालत सुटतो, म्हणून हे सांगून ठेवतो. पेट्या वेगवेगळ्या वजनाच्या असतील तेव्हा मात्र भागाकार कामाचा नाही.

थांबतच नाही तेव्हा

वरच्या प्रोग्रॅममधून ‘वजन = वजन + २२’ ही ओळ गाळून चालवा. पडदा कोरा राहतो, काहीच होत नाही. अशा वेळी वर्गातून हमखास हाक येते, “सर, ह्यो थांबणाच नाय!” आणि पाठोपाठ कुणीतरी लॅपटॉपचं बटण दाबून धरतं. तसं करू नका. कंट्रोल धरून सी दाबा, प्रोग्रॅम तुटेल. फोनवर ॲपमधलं थांबवायचं बटण दाबा.

वजन शून्यच राहिलं, शून्य अधिक बावीस कायमच पंधराशेपेक्षा कमी, म्हणून अट कधी खोटी होणारच नाही. पेट्या मात्र आत लाखांनी वाढताहेत. प्रिंट लूपच्या बाहेर असल्यामुळे त्या दिसत नाहीत एवढंच. संशय आला की लूपच्या पोटात तात्पुरता एक प्रिंट घाला आणि अटीत जे नाव आहे त्याची किंमत छापा. ती बदलत नसेल तर चोर सापडला.

ही फक्त शिकाऊंची चूक नाही. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टच्या झून नावाच्या संगीत-यंत्राचं ३० जीबीचं मॉडेल एकदम बंद पडलं. आतला एक लूप दिवसांची संख्या घेऊन वर्ष काढायचा: दिवस ३६५ पेक्षा जास्त असतील तोवर फिर, लीप वर्ष असेल तर दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का बघ, असतील तर ३६६ वजा कर. २००८ लीप वर्ष होतं आणि ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६ वा दिवस. वहीत एकच ओळ लिहून बघा. ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त आहे? हो, फिर. ३६६ पेक्षा जास्त आहे? नाही, काही वजा करू नको. पुन्हा वर. दिवस अजून ३६६ च. चार वर्षांतून एकदाच येणारी ती फेरी कुणी लिहून पाहिली नव्हती.

मधूनच बाहेर पडणं

कधी कधी लूप मुद्दाम न थांबणारा लिहितात आणि बाहेरची वाट ‘ब्रेक’ने ठेवतात. आकडे विचारत राहायचं, शून्य दिलं की संपलं:

एकूण = ०
व्हाइल ट्रू:
    डझन = इंट(इनपुट("किती डझन? "))
    इफ डझन == ०:
        ब्रेक
    एकूण = एकूण + डझन
प्रिंट(एकूण)

इनपुट प्रश्न विचारून उत्तर घेतं, इंट त्या उत्तराचा आकडा करतं. तपासताना बरोबरीची दोन चिन्हं, ठेवताना एक. इथे एक छान गोष्ट करून बघा: प्रोग्रॅम चालू असताना प्रश्नाला देवनागरीत १२ असं उत्तर द्या. इंट ते निमूट स्वीकारतं. प्रोग्रॅमच्या ओळीत न चालणारे आपले आकडे उत्तरात चालतात. घरच्या मोठ्यांसाठी काही बनवायचं असेल तर हे ध्यानात ठेवा.

‘कंटिन्यू’ नावाचा ब्रेकचा भाऊबंद आहे. तो बाहेर पडत नाही, चालू फेरी अर्धी सोडून पुढच्या फेरीला लागतो. सुरुवातीला त्याच्याशिवाय काही अडत नाही.

लूपात लूप

फॉर पक्ष इन ["शुक्ल", "कृष्ण"]:
    फॉर तिथी इन रेंज(१, १६):
        प्रिंट(पक्ष, तिथी, तिथी * ४८)

ओळी तीस येतात. बाहेरच्याची एक फेरी होईपर्यंत आतला आपल्या पंधराच्या पंधरा घालतो, आणि बाहेरचा पुढे सरकला की पुन्हा १ पासून सुरू करतो. वहीत ‘पक्ष’चा रकाना बराच वेळ तोच राहील, ‘तिथी’चा भराभर बदलेल. दोन थर समजले की खूप झालं. तिसरा थर घालावासा वाटला तर आधी प्रोग्रॅम कागदावर मांडा. बऱ्याचदा त्याची गरज नसते.

आता तुम्ही

भरतीच्या ४८ मिनिटांच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक तिथीसमोर ओहोटीची वेळही छापा. भरतीत ३६० मिनिटं मिळवायची. अष्टमीला ३८४ अधिक ३६० म्हणजे ७४४, आणि ७४४ // ६० केलं तर १२ तास, ठीक आहे. पण दशमीला ८४० होतात, तास १४, आणि घड्याळात तर बाराच असतात. त्यासाठी तास काढण्याआधी ‘% ७२०’ ने बाकी घ्या: ८४० ची १२० उरते, म्हणजे दोन वाजता. तसं केल्यावर अष्टमीला मात्र तास ० दिसू लागेल, तिथे १२ हवेत. ‘इफ तास == ०:’ असं लिहून तास १२ करा. ही ओळ लूपच्या आत यायला हवी की बाहेर, आणि प्रिंटच्या वर की खाली, ते आधी वहीत सप्तमी, अष्टमी आणि नवमी अशा तीन फेऱ्या लिहून ठरवा.